कोरोवायच्या सात सवाष्णी

“यंत्राला नवरा असतो का?” मोत्र्या मावशीने विचारलं. नवरीच्या भावाने शहरातून हौसेने आणलेलं पीठ मळायचं यंत्र तिने खोक्यासकट उचललं आणि अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यापाशी नेऊन ठेवलं.

बायका हसल्या. मावशीचं बरोबरच होतं म्हणा. कोरोवाय म्हणजे लग्नाचा पाव, तो हातानेच मळायचा, आणि तोही सवाष्णींनी. मळणारीच्या घरचं सुख पिठात उतरतं आणि पिठातून नवरीच्या संसारात जातं. विधवेचा हात त्याला चालत नाही. मळणाऱ्या पाच असाव्यात, नाहीतर सात. सम आकडा नको, आणि एकदा बोलावलेल्या सवाष्णीला परत पाठवणं अपशकुनाचं. एरवी या गावात सात काय, सत्तर सवाष्णी मिळाल्या असत्या. पण लढाईचं तिसरं वर्ष चालू होतं. मावशी दोन दिवस दारोदार फिरली, तेव्हा कुठे तिला स्वतःला धरून सहा झाल्या. सातवी यारिना.

यारिनाचा ओस्ताप आघाडीवर बेपत्ता होऊन आठ महिने झाले होते. कुणीतरी कुजबुजलं, तशी मावशी कडाडली होती. “बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. तिला नवरा आहे. कुठे आहे ते ठाऊक नाही, एवढंच. चल गं पोरी.”

आणि यारिना आली होती. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. मंगळवारी ओस्तापच्या तुकडीतल्या एकाचा फोन आला होता. “वहिनी, मी शेजारीच होतो. आता वाट बघू नका.” आज शुक्रवार. तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाई चर्चमध्ये प्रार्थनेसाठी अजून त्याचं नाव मेलेल्यांच्या नव्हे, जिवंतांच्या चिठ्ठीत लिहून देत होत्या. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि खरं म्हणजे तिलाच सांगायचं नव्हतं. बोलून दाखवेपर्यंत ती त्याची बायको होती.

मोठी काथवट बाकावर आली. प्रत्येकीने घरून आणलेलं पीठ तिच्यात पडलं, अंडी फुटली, लोणी पडलं, फसफसलेलं आंबवण पडलं. सगळ्यांनी एकाच घंगाळात हात धुतले. परास्का मात्र धूतच बसली होती. तिच्या तोंडाचा पट्टा काही थांबत नव्हता.

“काल आमच्या दमियानचा फोन,” ती म्हणाली. “खंदकात बसून विचारतोय, गाय दूध किती देते. मी बाई जिवंत आहे का मेले, त्याची चौकशी नाही.”

“गाय दिसायला बरी असेल,” एकजण म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

“यारिना, हस की गं थोडी,” परास्का म्हणाली. “उदास हाताने मळलं की पाव बसतो खाली.”

तेवढ्यात उल्याना, नवरी, दारातून डोकावली. तिने इथे यायचं नसतं, पण आली. “यारिनाताई, चांगलं मळा हं,” ती हळूच म्हणाली. “नाझारला सोमवारी परत आघाडीवर जायचंय.”

ती गेली. मावशीने काथवटीवर हाताने क्रूसाची खूण केली. “हं, घाला हात.”

यारिनाचे हात पिठावर वीतभर अंतरावर थांबले. त्या पोरीचा होणारा नवरा, नाझार, तिच्या डोळ्यांपुढे आला, लहानपणापासून तोतरा, मोठ्या कानांचा. तिने हात मागे घेतले.

“मावशी, मला नाही घालता येणार,” ती म्हणाली. “ओस्ताप गेला. मंगळवारी कळलं.”

मग मावशीने पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि तिला जवळ ओढलं. “चार दिवस एकटीच घेऊन फिरत होतीस का गं हे?” त्यावर यारिना रडली, मंगळवारपासून पहिल्यांदा. मावशीने तिला चुलीजवळ बसवलं, खांद्यावर शाल घातली, पाणी पाजलं. तिला कुणी बोल लावला नाही.

पण पीठ वाट बघत नाही. मावशी काथवटीपाशी परतली आणि तिने बोटांवर मोजलं.

“सहा. आता काय करायचं? सहाला मळता येत नाही. सातवी कुठून आणू मी, सगळं गाव पालथं घालून झालंय.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. परास्का तेवढी खाली बघत होती. तिचे हात अजून कोरडेही झाले नव्हते. तिने पाठीमागे हात नेऊन एप्रनची गाठ सोडली, एप्रनची घडी घातली आणि बाकाच्या टोकाला ठेवली.

“सातवी कशाला शोधता, मावशी,” ती म्हणाली. “मला मोजू नका, म्हणजे पाच होतात. काल दमियानचा फोन नव्हता. फोन एकच आला, महिन्यापूर्वी, त्याच्या साहेबाचा.”