करंटवाल्या माशाचा दिवा

माझ्या लेकाने हौसेने करंट मारणारा मासा पाळला होता. टाकीत दोन तारा सोडून त्यांना इवलासा दिवा जोडला होता. माशाने झटका दिला की दिवा लुकलुकायचा.

लेक बेशुद्ध होऊन दवाखान्यात पडला, तशी सून म्हणाली, "आई, देऊन टाका तो मासा."

"उठल्यावर तो तुझ्याआधी माशाची चौकशी करेल," मी सुनावलं.

महिनाभर मीच रबरी हातमोजे घालून टाकी साफ केली. शिकल्यासवरल्यांना जमलं नसतं.

आज दुपारी मासा उताणा तरंगला. मी तो काढून ताटलीत ठेवला, पाणी उपसून टाकी कोरडी केली. तेवढ्यात दिवा लुकलुकला.

लगेच सुनेचा फोन आला. "आई, हे गेले. अर्धा तास झाला."

"रडू नकोस. नीट सांग."

"पण ह्यांचा हात उडतोय. डॉक्टरही जवळ येईनात. बघा, परत!"

इकडे दिवा त्याच क्षणी लागला.

मी तारा उपटल्या आणि दिवा मुठीत गच्च आवळला.

सून किंचाळली, "आई, ह्यांनी माझा हात धरलाय! सोडत नाहीत!"

मी मूठ उघडायला गेले. उघडेना.