वीस मिनिटं, माणसासारखी

साहेबांनी बाईंना पकडलं तेव्हा बाई एक तक्रार वाचत होत्या.

"हे काय चाललंय?"

"वाचतेय."

"वाचायला कोणी सांगितलं?"

प्रश्न रास्त होता. तक्रार खात्यात बाईंना एकवीस वर्षं झाली होती आणि वाचायला त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. ईमेल उघडायचा, नाव उचलायचं, पत्ता उचलायचा, तक्रार उचलायची, तीन रकान्यांत टाकायची, वर नंबर द्यायचा. एका तक्रारीला वीस मिनिटं, दिवसाला चोवीस. वाचत बसलं तर उचलणार कधी?

पण मध्येच एक घोळ झाला. विसरायला नको म्हणून बाई कामाची प्रत्येक पायरी मोबाइलमधल्या वहीत लिहून ठेवायच्या. ती वही भाचीच्या हाती लागली. "अगं मावशी, प्रोग्राम म्हणजे हेच की! फक्त तू शहाण्या माणसासाठी लिहिलंयस. आता अशासाठी लिही, की ज्याला सांगितल्याशिवाय काही कळत नाही आणि जो स्वतःचं डोकं अजिबात चालवत नाही." बाई एकवीस वर्षं साहेबांना टिपणं काढून देत होत्या. त्यांना जड गेलं नाही. चौदा ओळी झाल्या. काल त्या चालवल्या, तर तुंबलेल्या तीनशे बारा तक्रारी चहा निवायच्या आत जागच्या जागी जाऊन बसल्या. मग उरलेला दिवस करायचं काय, म्हणून बाईंनी वाचायला घेतलं.

"वरून फोन आलाय," साहेब म्हणाले. "एका दिवसात शहरातल्या तक्रारी तेरापट झाल्या म्हणे. दंगल झाली का, विचारत होते. काय सांगू मी?"

"ते राहू द्या. साहेब, हा माणूस बघा. घड्याळं दुरुस्त करायचा, आता थकलाय. दारासमोरच्या गटाराचं झाकण गेलंय म्हणून त्रेचाळीस वेळा लिहिलंय त्याने. आपण त्रेचाळीस नंबर दिले."

"मग? दिले ना?"

"कोणी आत पडू नये म्हणून त्याने वर खुर्ची ठेवली. ती चोरीला गेली. मग टेबल ठेवलं. तेही गेलं. मग कपाट आडवं टाकलं." बाईंचा आवाज चढत चालला. "परवाचं पत्र ऐका. 'घरात आता केवळ पलंग उरला आहे. तरी त्याबाबत योग्य ते मार्गदर्शन व्हावे.' मार्गदर्शन मागतोय तो, साहेब! आपल्याकडे!"

साहेबांनी क्षणभर पलंगाचा विचार केला असावा. "ते ड्रेनेज खात्याचं काम."

"ड्रेनेज खातं या भिंतीपलीकडे आहे."

"म्हणजे वेगळं आहे." साहेबांनी खुर्ची ओढली आणि आवाज मऊ केला. "हे बघा बाई, नवीन गोष्टींना माझा विरोध नाही. चालू दे तुमचं ते. पण त्याला जरा शिस्त लावा. एक तक्रार झाली की वीस मिनिटं थांबायचं. माणसासारखं. चोवीस तक्रारी, आठ तास. वर कोणाला शंका नको."

"माणूस वीस मिनिटं थांबून काय करतो, साहेब?"

"थांबतो."

बाईंची कानशिलं तापली. पंधरावी ओळ त्यांनी अशी बडवली की टेबलावरच्या स्टेपलरने उडी मारली. स्क्रीनवर एक तक्रार वर चढली आणि बाराशेपासून उलटे आकडे सुरू झाले. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. चार सेकंद बरोबर गेले. समाधान पावून ते केबिनमध्ये गेले.

अकराशे ऐंशी. बाईंनी मोबाइल उचलला आणि पत्राखालचा फोन नंबर लावला.

"घड्याळवाले काका का? तक्रार खात्यातून बोलतेय. पलंग बाहेर काढू नका."

या खात्यातून बाहेर गेलेला हा पहिलाच फोन असावा.

"उशीर केलात, बाई. काल काढला."

"मग आत्ता कुठे आहात?"

"पलंगावर. हाही न्यायचे, म्हणून बसून आहे. रस्त्यातच." मागे हॉर्न वाजला. "अहो, जा की वळसा घालून! दिसत नाही, माणूस फोनवर बोलतोय? ... हं, बोला."

बाई उठल्या. फोन कानाला तसाच लावून त्या बाहेर पडल्या आणि सात पावलांत ड्रेनेज खात्यापाशी पोचल्या. दार सताड उघडं होतं. वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला खाली काहीतरी लावून ठेवलं होतं. गोल. लोखंडी. चांगलं जड.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"काका, गटाराचं तोंड केवढं लिहिलं होतंत तुम्ही?"

"चोवीस इंच. त्रेचाळीस वेळा लिहिलंय."

"अहो बाई!" मागून साहेब धापा टाकत आले. "वीस मिनिटं थांबायचं ठरलं होतं ना?"

"थांबलेच आहे," बाई म्हणाल्या. आत बसलेल्या ड्रेनेजच्या साहेबाच्या टेबलावरची फूटपट्टी त्यांनी न विचारता उचलली, बाह्या मागे सारल्या आणि दारातच गुडघे टेकले.

फूटपट्टी बरोबर दोनदा बसली.