बिनफुलाचा बांबू

सुपं विणणाऱ्या भागरताबाईंनी सकाळपासूनची बांबूची अकरावी कामटी वाकवली. तीही काडकन मोडली. ते तुकडे त्यांनी बांबू संशोधन केंद्राच्या डॉ. देवतळ्यांपुढे आपटले.

"चाळीस वर्षं सुया टोचून बांबूला फुलू दिलं नाही तुम्ही!"

"फुलला की मरतो तो, बाई. आम्ही जगवला."

"जगवला? म्हातारा करून उभा ठेवला! बी पडलं असतं तर नवा बांबू उगवला असता."

डॉक्टरांनी मान खाली घातली. "तेच मागायला आलोय. तुमच्या परसातलं बेट टोचायचं राहिलं होतं म्हणे."

"राहिलं होतं. परवाच्या उन्हाळ्यात फुललं. बी मी सुपात भरून ठेवलं होतं. बांबूचं बी ठेवणं बेकायदा म्हणून तुमची माणसं ते सुपासकट जाळून गेली. त्यांनी दाखवलेल्या कागदावर सही तुमचीच होती, डॉक्टर."