कूलरच्या जाळीतला पंजा

कूलरला तीन जाळ्या होत्या. तिन्हींतल्या गवतावर क्षारांचा पांढरा थर चढला होता. मागच्या जाळीत मात्र, आतल्या बाजूने, लहानशा पंजाएवढं गवत स्वच्छ राहिलं होतं. रचनाने पट्टी लावली. साडेनऊ सेंटिमीटर. कूलरसमोर झोपणाऱ्या तिच्या दीड वर्षाच्या स्नेहलचा हातही तेवढाच भरला.

"भाऊजी, पोरीचा हात तुम्हीच टेकवला ना इथं?"

"मी कायले टेकवू? मले का दुसरे धंदे नाही, वैनी?" कूलरचं गवत भरणारा तिचा दीर बंटी म्हणाला.

तिचा संशय गेला नाही. तिने नवं गवत भरलं, जाळीला स्वतः तार आवळली आणि स्नेहलला आईकडे कोहमाऱ्याला ठेवून आली.

आठ दिवसांनी तार जशीच्या तशी होती, नव्या गवतावरही पांढरा थर धरला होता. आतला पंजा दहा सेंटिमीटरचा होता.

तिने फोन लावला. "आई, स्नेहलचा हात मोज."

"काऊन वं?" म्हणत आईने टेप आणली.

"दहा."