भरतीची पाऊणकी

मासळीची पाटी दाराबाहेर उतरवून अंजनाबाई चौथीच्या वर्गात शिरली ती लेकीचं, मथुराचं, नाव शाळेतून काढायलाच.

"बाई, हिच्या डोक्यात काय शिरत नाय. उद्यापासून माज्यासंगं बाजारात बसंल."

मथुरा फळ्यापाशी उभी होती. पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, म्हणताना ती आजही 'चार पाऊण'वर अडकली होती. तिरोडकरबाईंच्या हातात पट्टी होती, आणि खरं सांगायचं तर ब्याद टळली तर बरंच, असं त्यांना क्षणभर वाटलंही. कांजूरच्या या खाडीकाठच्या शाळेत सव्वीस वर्षं त्या पाऊणकी घोकून घेत होत्या. मे महिन्यातल्या शिक्षकांच्या शिबिरात साहेब म्हणाले होते, 'मुलाला काय येत नाही ते सोडा, काय येतं ते विचारा.' तेव्हा बाईंनी सरळ जांभई दिली होती. आता पोरीचे भरलेले डोळे पाहून त्यांना ते आठवलं.

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली.

"मथुरा, तुला काय येतं गं?"

पोर हळूच म्हणाली, "भरती सांगता येते."

"सांग बघू. आज किती वाजता?"

"आज सष्टी ना? साडेचारला. अष्टमीला सहाला. दशमीला साडेसातला."

"कशी काढलीस?"

"तिथीचे चार भाग करायचे, नि एक सोडायचा."

बाई थबकल्या. सहा पाऊण साडेचार. आठ पाऊण सहा. पट्टीच्या धाकानं जी जिभेवर येत नव्हती, ती पाऊणकी पोर रोज खाडीच्या पाण्यावर करत होती. त्यांनी तिच्या हातात खडू दिला आणि स्वतः पहिल्या बाकावर पोरांत जाऊन बसल्या.

"द्वादशीला?" मथुरानं वर्गाला विचारलं.

"नऊला!" सगळा वर्ग ओरडला.

अंजनाबाई बराच वेळ बघत राहिली. मग बाकाजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ दे हिला. हिची मोठी भन, विमला, हिच्याहून चांगली भरती सांगायची, बाई. ती बी तुमच्याच वर्गात होती. तिचं नाव काढाया आले, तवा तुमी कायच इचारलं नाय."

पाटी डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

"बाई, आता तुम्ही सांगा," मथुरा फळ्याजवळून म्हणाली, "चतुर्थीला किती?"

चार पाऊण. सगळा वर्ग बाईंकडे बघत होता, आणि बाई उत्तर द्यायला बाकावरून उठल्या, पण विमला आठवून मथुरासारख्याच 'चार पाऊण'वर अडकल्या.