रोजची बातमी

संध्याकाळचे पाच वाजले की बापूराव दाराकडे बघून विचारायचे, "संघप्रिया शाळेतून आली नाई काऊन वं?" बायनाबाई भाजी चिरता चिरता नवऱ्याला सांगायची, "मेली तुमची पोरगी. कुरखेड्याले, बाळंतपणात. मनानं लगन केलं मनून तुमी तिले तोडली, मातीलेबी मले जाऊ देल्लं नाई. बाहेरून कुलूप लावून ड्युटीवर गेले." आत्ताच कळल्यासारखे ते ऊर बडवून रडायचे, आणि घटकाभरात विसरायचे. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवून सांगितलं होतं, "नवी आठवण जिथे रुजते तो हिप्पोकॅम्पस सुकलाय. जुनं काही काळ राहील, आज सांगितलेलं टिकणार नाही." तेव्हाच तिनं ठरवलं, ही बातमी या माणसाला रोज नव्यानं द्यायची. ऊर्जानगरच्या क्वार्टरात मुलगा राजदीप वैतागायचा, "आई, क्लासले गेली मनून सांग ना! बाबाले काऊन रडवतं?" ती म्हणायची, "बारा वर्सं मी एकटी रडली. आता त्याईले रडू दे." सहा-सात महिन्यांनी एका संध्याकाळी पाच वाजून गेले, तरी बापूराव गप्पच. तिनं पोरीचा फोटो त्यांच्यापुढे धरला. "गोड हाय. कोनाची पोरगी?" त्यांनी हसून विचारलं. बायनाबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. इतक्या सहजी सुटणार होता हा? तिनं विळी बाजूला सारली, त्यांच्यासमोर मांडी घातली आणि पोरगी जन्मली त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली. आधी पोर पुन्हा त्यांच्या लाडाची व्हायला हवी होती. मेल्याचं त्यानंतर सांगायचं होतं.