कोपऱ्यातलं बटण

"मान हलवू नका हं, अण्णा," ती म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली. वर्षभरापूर्वीच्या झटक्यानंतर वडिलांचं मानेखाली काहीच हलत नव्हतं. मानही आईने दोन उशा लावून बसवली होती. हलत होते ते फक्त डोळे, आणि त्या डोळ्यांमागे काही उरलंय की नाही यावर दोन डॉक्टरांची दोन मतं होती.

संगणक विभागातल्या चाचणीच्या खोलीत एक टेबल होतं, त्यावर स्क्रीन आणि स्क्रीनखाली नजरेचा माग घेणारा कॅमेरा. एका भिंतीत काच होती. काचेपलीकडे तिचे मार्गदर्शक बसले होते. त्यांचा आवाज फक्त तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये यायचा.

यंत्र तिने स्वतः बनवलं होतं. नजर बटणावर थबकली की त्याभोवती हिरवं कडं भरत जायचं, आणि ते पूर्ण भरलं की यंत्र तो शब्द बोलायचं. आवाज तिचाच होता. रेकॉर्डिंगला दुसरं कुणी वेळेवर मिळालं नव्हतं.

"अण्णा, पंखा लावायला सांगा बघू."

नजर स्क्रीनवरच्या पाण्याच्या चित्रावरून सरकली, दिव्यावरून सरकली, पंख्यावर थांबली. कडं भरलं. "पंखा," यंत्र म्हणालं.

आईने पदर तोंडाला लावला. "मी सांगत होते ना? सगळं कळतं यांना. तुम्हीच सगळे मला वेड्यात काढत होता."

तिला वाटलं होतं, हा क्षण आला की आपण रडू. तसं काही झालं नाही. तिने उठून पंखा लावला.

"आता विचार," आई म्हणाली. "ऑपरेशनचं."

पुढच्या आठवड्यात डोक्याचं तिसरं ऑपरेशन ठरत होतं. गुण येईलच असं डॉक्टर म्हणत नव्हते. करून बघू म्हणत होते. आईला फक्त यांचा होकार हवा होता. यांना विचारल्याशिवाय तिने आजवर घरात खिडकीचा पडदासुद्धा बदलला नव्हता.

मुलीने स्क्रीनवरची चित्रं काढून टाकली. स्क्रीनवर मधोमध 'हो' आणि 'नाही' आलं, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात लहानसं 'पुरे'. हे तिसरं बटण विभागाच्या नियमानुसार प्रत्येक चाचणीत असायचंच. समोरच्याने पुरे म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना हा नियम तीच शिकवायची.

"अण्णा, आणखी एक ऑपरेशन करायचं म्हणतायत. करायचं?"

नजर 'हो'वर गेली, पण थांबली नाही. 'नाही'वरून पुढे सरकली. मग सावकाश वर चढली आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

"पुरे."

"अगं, पुरे काय?" आईने तिच्याकडे वळून पाहिलं. "तू बोललीस का?"

"नाही. यंत्र बोललं."

"कोपऱ्यात नजर घसरते कधी कधी," सर हेडफोनमध्ये म्हणाले. "बटण हलवून बघ."

हलवून बघणं हीच पद्धत होती. यंत्र चुकत असेल तर नजर जुन्या जागीच अडकून राहते. माणसाला ते बटण खरंच हवं असेल तर तो शोधत जातो. तिने 'पुरे' उचललं आणि खाली उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

"अण्णा, परत विचारते. ऑपरेशन करायचं?"

अण्णांची नजर वरच्या रिकाम्या कोपऱ्यात तशीच राहिली. यंत्रच चुकतंय, तिला वाटलं, आणि इतकं बरं वाटलं की दोन वर्षांची मेहनत वाया गेली तरी चालेल असं झालं.

मग नजर निघाली. 'हो' ओलांडून, 'नाही' ओलांडून, चष्मा कुठे ठेवला ते शोधावं तशी खाली उतरली. उजव्या कोपऱ्यात थांबली. कडं भरलं.

"पुरे."

"अचूक," सर म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने भरून आला होता. "याहून चांगला पुरावा मिळायचा नाही. अभिनंदन."

नियमाप्रमाणे इथे थांबायचं होतं. आई खुर्ची पुढे ओढून बसली होती. तिचा एक हात अण्णांच्या गुडघ्यावर होता.

"काय गं? काय म्हणतायत नेमकं?"

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"काही नाही, आई. यंत्रच बिघडलंय. नवं आहे ना अजून."

"तरीच," आईने सुटकेचा निःश्वास सोडला. "हे असं कसं म्हणतील? मी कळवते मग डॉक्टरांना, करा म्हणून." ती उठली आणि अण्णांच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट करू लागली. "ऐकलंत ना? जरा दम धरा आता."

"पुरे," यंत्र मुलीच्याच आवाजात म्हणालं.

तिने स्पीकर बंद केला. आई शालीचं टोक खोचत होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवं कडं पुन्हा भरत होतं.